अपडेटनंतर बटण गायब झालं तर

संगणक अपडेट होतो, पुन्हा सुरू होतो, आणि डेस्कटॉपवर मांडून ठेवलेल्या फाइलींपैकी एकही दिसत नाही. मार्च २०१८मध्ये ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपची ३.२८ ही आवृत्ती आली, तेव्हा लिनक्स वापरणाऱ्या अनेकांना हा धक्का बसला. फाइली कुठेही गेल्या नव्हत्या. 'डेस्कटॉप' नावाच्या फोल्डरमध्ये त्या जशाच्या तशा होत्या. पण डेस्कटॉपवर चिन्हं दाखवायचीच नाहीत, असं ग्नोमने ठरवलं होतं. फाइली दाखवणाऱ्या ॲपमधला हा भाग जुना झाला होता, त्याच्यामुळे बाकीच्या ॲपची सुधारणा अडत होती आणि तो सांभाळायला कोणी पुढे येत नव्हतं. म्हणून तो काढला आणि हे काम यापुढे एखाद्या एक्स्टेन्शनने, म्हणजे वरून जोडायच्या छोट्या भागाने, करावं, असं सुचवलं गेलं. कारण खरं होतं. आणि रोजचं निम्मं काम डेस्कटॉपवर पसरून करणाऱ्या माणसाची अडचणही तितकीच खरी होती.

अशा वेळी कोणी वैतागलं, की "फुकट तर मिळतंय, मग कुरकुर कशाला?" असं ऐकवलं जातं. मला हे अजिबात मान्य नाही. एखादी शाळा, छोटा छापखाना किंवा हिशेबाचं ऑफिस वर्षानुवर्षं एका सॉफ्टवेअरवर काम करतं, तेव्हा हाताला लागलेली सवय ही त्या माणसांची कमाई असते. ती एका रात्रीत मोडली तर राग येणारच. फक्त हा राग बहुतेक वेळा 'बटण परत आणा' एवढ्याच मागणीत संपून जातो, आणि बटणही परत येत नाही, कामही सुटत नाही. म्हणून अशा प्रसंगी स्वतःला आधी एकच प्रश्न विचारा: माझं नेमकं कोणतं काम अडलं? उत्तर एका वाक्यात लिहून काढा. "डेस्कटॉपवर चिन्हं दिसत नाहीत" हे उत्तर नव्हे. "आज आलेल्या फाइली मला एका नजरेत दिसत नाहीत, म्हणून त्या उघडायच्या राहून जातात" हे उत्तर आहे. पुढचं सगळं याच वाक्यावर अवलंबून आहे, कारण काम तेच ठेवून वाट बदलता येते.

बिघाड की निर्णय, आणि कोणाचा

दुसरी गोष्ट म्हणजे जे झालं ते चुकून झालं की ठरवून केलं, हे पाहून घ्या. बिघाड असेल तर काही दिवसांत दुरुस्ती येण्याची शक्यता असते. निर्णय असेल तर नुसती वाट बघण्यात अर्थ नाही. ओपन सोर्समध्ये हे शोधणं तुलनेने सोपं असतं. प्रत्येक आवृत्तीसोबत काय बदललं याची टिपणं प्रसिद्ध होतात, आणि निर्णयावर झालेली चर्चाही सहसा सगळ्यांना वाचता येते. 'अबाउट' उघडून आवृत्ती पाहा, तिची टिपणं काढा आणि हरवलेल्या गोष्टीचं नाव त्यात शोधा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

याच शोधात निर्णय कोणाचा होता, तेही कळतं. लिनक्सवर तुमच्यापर्यंत येणारा डेस्कटॉप किमान दोन हातांतून आलेला असतो. एक ते सॉफ्टवेअर लिहिणारे आणि दुसरे उबुंटू, फेडोरा, डेबियनसारखी वितरणं बांधणारे. ग्नोमने चिन्हं काढली, पण एप्रिल २०१८च्या उबुंटू १८.०४ने फाइलींचं ॲप मुद्दाम आधीच्या, ३.२६ या आवृत्तीचंच ठेवलं, म्हणजे चिन्हं टिकली. पुढे उबुंटूने त्यासाठी एक्स्टेन्शनच सोबत द्यायला सुरुवात केली. म्हणजे त्याच काळात, त्याच ग्नोमवर, एका वितरणात चिन्हं होती आणि दुसऱ्यात नव्हती. तक्रार कुठे करायची आणि पर्याय कुठे शोधायचा, हे दोन्ही यावरून ठरतं.

गिम्पमधलं 'सेव्ह'

या सगळ्या प्रकाराचं सर्वांत बोलकं उदाहरण फोटो आणि चित्रं संपादित करायच्या गिम्प या सॉफ्टवेअरचं आहे. ते सावकाश पाहू, कारण त्यात दोन्ही बाजू स्पष्ट दिसतात.

मे २०१२मध्ये गिम्पची २.८ ही आवृत्ती आली. अनेक सुट्या खिडक्यांऐवजी सगळं एकाच खिडकीत ठेवायची सोय तिने दिली. ती लोकांना कधीपासून हवी होती. पण त्याच आवृत्तीत 'सेव्ह'चा अर्थ बदलला. आधी जेपीजी फोटो उघडून, कापून, कंट्रोल आणि एस दाबलं, की तोच जेपीजी बदलून जतन व्हायचा. २.८पासून 'सेव्ह' केलं, की गिम्प फक्त स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारातच फाइल ठेवू लागलं. जेपीजी किंवा पीएनजी हवं असेल तर 'एक्स्पोर्ट' करायचं. आणि एक्स्पोर्ट करूनही खिडकी बंद करताना 'बदल जतन केलेले नाहीत' अशी सूचना यायची.

पासपोर्ट फोटो काढणाऱ्या स्टुडिओचा विचार करा. गिऱ्हाईक समोर उभं आहे. फोटो उघडला, चेहऱ्याभोवती चौकट धरली, कापला, उजेड थोडा वाढवला, जतन केला, छापला. दिवसभर हेच काम. त्या माणसाला एक्ससीएफ फाइल कधीच नको असते. त्याच्यासाठी प्रत्येक फोटोमागे एक जास्तीची खिडकी आणि एक जास्तीचा प्रश्न वाढला. वैताग आला तर नवल काय?

आता दुसरी बाजू. गिम्पच्या कर्त्यांनी आपलं सॉफ्टवेअर कोणासाठी आहे हे ठरवलं होतं: चित्रांवर थरांमध्ये, तपशिलात, दीर्घकाळ काम करणाऱ्यांसाठी. एखाद्याने पाच तास बसून पुस्तकाचं मुखपृष्ठ केलं, त्यात मजकुराचा, सावलीचा, चित्राचा थर वेगळा ठेवला, आणि सवयीने जेपीजीत जतन करून खिडकी बंद केली, तर सगळे थर एकात मिसळून जातात. दुसऱ्या दिवशी लेखकाच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचा म्हटलं तरी मजकुराचा थरच उरलेला नसतो. शिवाय जेपीजी प्रत्येक वेळी जतन करताना चित्राचा थोडा तपशील कमी होतो. हे नुकसान भरून येत नाही. स्टुडिओतल्या माणसाची गैरसोय आणि मुखपृष्ठ करणाऱ्याचं नुकसान यांत गिम्पने दुसऱ्याला वाचवायचं ठरवलं. मी मुखपृष्ठवाल्याच्या बाजूने आहे. पण सूचना देण्याची ती सुरुवातीची पद्धत मला चुकीची वाटते. आपली फाइल एक्स्पोर्ट करून सुरक्षित ठेवलेल्या माणसाला 'जतन केलेलं नाही' असं सांगणं म्हणजे त्याला उगाच घाबरवणं होतं. नंतरच्या आवृत्त्यांत चित्र एक्स्पोर्ट झालेलं असेल तर तसं त्या खिडकीत सांगितलं जाऊ लागलं.

मग स्टुडिओवाल्याने काय करावं? जेपीजी उघडलेला असताना 'फाइल' मेनूत 'ओव्हरराइट' अशी ओळ दिसते, पुढे त्या फाइलचं नाव असतं. ती दाबली की मूळ जेपीजीच बदलतो. रोज शेकडो वेळा मेनू उघडायला नको म्हणून 'एडिट' मेनूतल्या 'कीबोर्ड शॉर्टकट्स'मध्ये जा, शोधाच्या चौकटीत 'ओव्हरराइट' लिहा आणि त्या आदेशाला सोयीची कळ द्या. कंट्रोल आणि एससुद्धा देता येतं. फक्त मग 'सेव्ह'ची कळ जाईल हे लक्षात ठेवा, आणि मूळ फोटोंची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्याशिवाय हे करू नका. थर ठेवून काम करणाऱ्यांनी मात्र हा बदल करू नये.

गिम्पच्या इतर वादग्रस्त बदलांनाही अशाच वाटा आहेत. एप्रिल २०१८च्या २.१० आवृत्तीत साधनांची चित्रं एकरंगी झाली आणि कोणतं साधन कोणतं हे अनेकांना पटकन ओळखू येईना. 'प्रेफरन्सेस'मध्ये 'इंटरफेस'खाली चित्रांचा संच बदलता येतो, त्यात रंगीत संचही आहे. पुढे २.१०.१८मध्ये एकाच बटणाखाली अनेक साधनं गटाने दडवली गेली. तो गट मोडून सगळी साधनं सुटी दाखवायची खूण 'टूलबॉक्स'च्या पानावर आहे. लोक महिनोन्महिने चडफडत राहतात आणि उपाय त्याच सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये असतो, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

म्हणून एक्स्टेन्शन, जुनी आवृत्ती, दुसरं सॉफ्टवेअर या कशाकडेही वळण्याआधी सेटिंगची सगळी पानं एकदा शांतपणे वाचा. थंडरबर्ड या मेल-ॲपच्या जुलै २०२३च्या ११५ या आवृत्तीने पत्रांची यादी नव्या रूपात आणली. यादीच्या वरच्या पर्यायांत कार्ड्स आणि टेबल असे दोन्ही प्रकार निवडता येतात, आणि ओळींमधली दाटी मुख्य मेनूतून बदलते. लिबरऑफिस या ऑफिस-सॉफ्टवेअरमध्ये 'व्ह्यू' मेनूतल्या 'युजर इंटरफेस'मधून जुने टूलबार की टॅबवाली मांडणी हे तुम्ही ठरवता. ग्नोमने २०११च्या एप्रिलमध्ये ३.० काढताना खिडकी लहान-मोठी करायची बटणं काढून टाकली. ती परत आणायची सोय 'ट्वीक्स' नावाच्या वेगळ्या छोट्या ॲपमध्ये आहे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्या काळात ग्नोम ३वर जाहीर टीका करून एक्सएफसीई हा दुसरा डेस्कटॉप जवळ केला होता. पुढे ट्वीक्स आणि काही एक्स्टेन्शनं यांच्या मदतीने ते ग्नोमकडे परतले.

मराठी मजकुराची खास अडचण

मराठीत लिहिणाऱ्यांना लिबरऑफिसचा एक निर्णय हमखास छळतो. मजकूर निवडून फॉन्ट 'मुक्ता' केला, आकार १४ केला. पुढच्या परिच्छेदात लिहायला लागलं, की फॉन्ट पुन्हा भलताच. एखादा इंग्रजी शब्द आला की तो वेगळ्याच आकारात. शेवटी लोक पूर्ण कागदपत्र निवडून फॉन्ट पुन्हा पुन्हा लावत बसतात.

लिबरऑफिस लिप्यांचे तीन गट मानतं: पाश्चात्त्य, आशियाई (म्हणजे चिनी, जपानी, कोरियन) आणि जटिल मांडणीच्या लिप्या. देवनागरी तिसऱ्या गटात येते, कारण तिच्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढावी लागते, जोडाक्षरं बनतात, रफार वर जातो. प्रत्येक गटाचा फॉन्ट, आकार आणि भाषा वेगळी साठवली जाते. वरच्या पट्टीतून फॉन्ट बदलला की तो फक्त समोर असलेल्या लिपीला लागतो. हे समजेपर्यंत सॉफ्टवेअर मनमानी करतंय असंच वाटतं. समजल्यावर मात्र ही व्यवस्था मराठीसाठी चांगली आहे, असं माझं मत आहे. एकाच आकड्याच्या आकारात देवनागरी आणि रोमन अक्षरं डोळ्यांना सारखी दिसत नाहीत. मराठी १४ आणि इंग्रजी १२ असं एकदा ठरवून दिलं, तर दोन्ही लिप्यांचा मिश्र मजकूर नीट, एका उंचीचा दिसतो.

एकदाच करायचं काम असं. 'टूल्स'मधून 'ऑप्शन्स' उघडा, भाषांच्या पानावर जटिल लिप्यांच्या ओळीसमोर खूण करा आणि भाषा मराठी निवडा. मग एफ११ दाबून शैलींची यादी उघडा. 'डिफॉल्ट पॅरेग्राफ स्टाइल'वर उजवं बटण दाबून ती संपादित करा. 'फॉन्ट'च्या पानावर आता पाश्चात्त्य आणि जटिल, असे दोन वेगळे भाग दिसतील. दोन्हींत हवा तो फॉन्ट आणि आकार भरा. आधी हाताने लावलेले फॉन्ट मधे येत असतील तर सगळा मजकूर निवडून कंट्रोल आणि एम दाबा. हाताने केलेली सजावट निघते आणि शैली लागू होते. ठळक आणि तिरपी अक्षरंही त्यात निघून जातात, म्हणून मोठ्या कागदपत्रावर हे करण्याआधी त्याची प्रत काढा. ही फाइल टेम्प्लेट म्हणून जतन केलीत, तर पुढच्या प्रत्येक अर्जाला, अहवालाला हा त्रास नाही.

स्क्रायबसच्या बाबतीत मराठीची तक्रार याहून मूलभूत होती. मासिकं, पुस्तकं मांडायच्या या सॉफ्टवेअरच्या जुन्या १.४ मालिकेत देवनागरी अक्षरं नीट जुळतच नसत. जानेवारी २०२४च्या १.६ या स्थिर आवृत्तीत जटिल लिप्यांची मांडणी आहे. तेव्हा जुन्या अनुभवावरून कोणी ते बाजूला ठेवलं असेल, तर पुन्हा तपासून पाहायला हरकत नाही.

एक्स्टेन्शन आणि स्थलांतर

सेटिंगने भागलं नाही तर एक्स्टेन्शन. ग्नोममध्ये खाली पट्टी आणणारं, डेस्कटॉपवर चिन्हं दाखवणारं, वरच्या पट्टीत ॲपची छोटी चिन्हं परत देणारं, सगळं मिळतं. पण एक्स्टेन्शन दुसऱ्याच कोणीतरी, बहुधा फावल्या वेळात लिहिलेलं असतं. ग्नोमची नवी आवृत्ती दर मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये येते आणि प्रत्येक वेळी काही एक्स्टेन्शनं मोडतात. सप्टेंबर २०२३च्या ग्नोम ४५मध्ये तर आतली रचनाच बदलली आणि झाडून सगळ्या एक्स्टेन्शनांना दुरुस्ती करावी लागली. म्हणून ज्यावाचून काम अडतं अशी दोन-तीनच ठेवा, आणि आवृत्ती बदलण्याआधी ती नव्या आवृत्तीवर चालतात का हे तपासा. तुम्हाला डझनभर एक्स्टेन्शनं लागत असतील, तर तो डेस्कटॉप तुमच्या कामाचा नाही, हे मान्य करून दुसरीकडे जाणं शहाणपणाचं.

जाणं अवघडही नाही. नवा डेस्कटॉप जुन्याच्या शेजारी बसवता येतो. संगणकात प्रवेश करतानाच्या पडद्यावर कोणता डेस्कटॉप हवा ते निवडायची सोय असते आणि फाइली दोन्हीकडे त्याच असतात. ग्नोम ३ आवडलं नाही म्हणून त्याच २०११ साली ग्नोम २चा कोड घेऊन 'माटे' सुरू झालं. लिनक्स मिंटने 'सिनॅमन' उभं केलं. ग्नोमच्या फाइलींच्या ॲपमधून २०१२ साली दोन फोल्डर शेजारी उघडायची सोय गेली, तेव्हा मिंटनेच जुन्या कोडवरून 'निमो' काढलं, आणि त्यात ती सोय आजही एफ३ कळीवर आहे. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपची ३.५ ही जुनी आवृत्ती आवडणाऱ्यांसाठी 'ट्रिनिटी' आजही सांभाळलं जातं. आठवडाभर नव्या डेस्कटॉपवर तुमचं ते एका वाक्यातलं काम करून पाहा आणि मग ठरवा.

वेगळी चूल मांडणाऱ्यांचे कष्ट मात्र कमी लेखू नका. माटेच्या मंडळींना सगळा डेस्कटॉप बटणं-खिडक्या रेखणाऱ्या जीटीके ३ या नव्या पायावर नेऊन जुना पाया पूर्ण सोडायला २०१७ साल उजाडलं, आणि बाहेरून दिसणारं रूप तर तेच ठेवायचं होतं. जे जसंच्या तसं राहिलं आहे त्यामागेही कोणाची तरी वर्षं गेलेली असतात.

जुनी आवृत्तीच धरून बसण्याचा मार्ग अनेक जण निवडतात. ब्राउझर आणि मेलच्या बाबतीत तो मुळीच निवडू नका. त्या आवृत्तीतल्या सुरक्षेच्या भगदाडांना कोणी ठिगळ लावत नाही आणि बाहेरचा मजकूर तर रोज येतच असतो. बदल कमी हवे असतील तर त्यासाठी रीतसर सोय आहे. फायरफॉक्सची दीर्घ मुदतीची ईएसआर आवृत्ती घ्या. तिच्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात, मोठे बदल साधारण वर्षाने येतात. उबुंटूची दीर्घ मुदतीची एलटीएस आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. डेबियनची स्थिर आवृत्तीही साधारण दोन वर्षांनी बदलते. शाळेत किंवा ऑफिसात पाच-दहा संगणक असतील तर एकच आधी बदला, त्यावर महिनाभर खरं काम करा, मग बाकीचे.

तक्रार लिहायची ती अशी

आणि एवढं करूनही निर्णय चुकीचा वाटत असेल, तर तक्रार जरूर करा. तक्रारींनी निर्णय बदलतात. फायरफॉक्सच्या जून २०२१च्या ८९व्या आवृत्तीत दाट मांडणीचा पर्याय काढून टाकायचं ठरलं होतं, कारण तो फारसा कोणी वापरत नसेल असा अंदाज होता. लहान पडद्यावर काम करणाऱ्यांनी आपली अडचण मांडली आणि पर्याय राहिला. तो आता प्रगत सेटिंगमध्ये 'कॉम्पॅक्टमोड' शोधून चालू करावा लागतो, पण आहे. केडीईमध्ये एका क्लिकने फाइल उघडायची जुनी रीत होती. बाहेरून आलेल्या माणसांची त्यात कायम फसगत व्हायची. फेब्रुवारी २०२४मध्ये केडीईच्या प्लाझ्मा ६ या डेस्कटॉपमध्ये दोन क्लिक हीच ठरलेली रीत झाली, आणि एका क्लिकची सवय असलेल्यांसाठी सेटिंग ठेवलं.

कधीकधी फार वाट पाहावी लागते. जीटीकेच्या फाइल निवडायच्या खिडकीत चित्रांच्या लहान प्रतिमा दिसाव्यात, ही मागणी २००४ साली नोंदवली गेली. ती डिसेंबर २०२२मध्ये पूर्ण झाली आणि मार्च २०२३च्या ग्नोम ४४मधून लोकांपर्यंत पोचली. अठरा वर्षं! मागणी चुकीची आहे असं कोणाचं म्हणणं नव्हतं. ते काम हाती घेऊन तडीला नेणारं माणूस मिळत नव्हतं.

तक्रार कशी असावी हे एका नमुन्यावर पाहू. ग्नोमच्या फाइलींच्या ॲपमध्ये आधी नावाची सुरुवातीची अक्षरं टाइप केली, की त्या फाइलवर उडी जायची. मग त्या जागी शोध आला. यावर "नव्या आवृत्तीने वाट लावली, जुनं परत आणा" असं लिहिलं, तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असं लिहा: "मी शाळेत काम करतो. एका फोल्डरमध्ये चारशे गुणपत्रिका आहेत, नावं हजेरी क्रमांकाने सुरू होतात. पूर्वी ०२७ टाइप केलं की त्या फाइलवर जाता यायचं आणि आजूबाजूचे क्रमांकही दिसत राहायचे. त्यामुळे एखादी गुणपत्रिका राहिली असेल तर लगेच कळायचं. आता शोध सुरू होतो, फक्त जुळणाऱ्या फाइली उरतात आणि शेजारचे क्रमांक दिसत नाहीत." खाली आवृत्ती आणि वितरण लिहा. हे वाचणाऱ्याला पर्याय सुचू शकतो, कारण तुम्ही त्याला काम सांगितलं. तुम्ही मागितलेलं बटण कदाचित येणार नाही, पण शेजारचे क्रमांक दिसण्याची दुसरी एखादी सोय येऊ शकते.

लिहिण्याआधी तीच तक्रार आधी कोणी नोंदवली आहे का ते शोधा. असेल तर तिथे आपल्या कामाचा तपशील जोडा. नवीन काही सांगायचं नसेल तर नुसती अंगठ्याची खूण करा, कारण 'मलाही', 'मलाही' अशा शंभर ओळींतून एक उपयोगाची ओळ शोधणं कष्टाचं असतं. एका नोंदीत एकच गोष्ट. साधं, तुटक इंग्रजी चालतं. जगभरातल्या बऱ्याच विकसकांसाठीही इंग्रजी परकीच आहे. 'हे होणार नाही' असं उत्तर आलं तर कारण वाचा, एकदा शांतपणे आपलं म्हणणं मांडा आणि तिथेच थांबा.

तिथे थांबायचं हे मी कळकळीने सांगतो. २०२४च्या मार्चमध्ये फाइली आवळून लहान करणाऱ्या एक्सझेड या छोट्या पण सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पात मुद्दाम पेरलेली चोरवाट सापडली. तो प्रकल्प वर्षानुवर्षं एकच माणूस स्वयंसेवेने सांभाळत होता. काही अनोळखी खात्यांनी २०२२मध्ये त्याच्यामागे तगादा लावला होता: काम हळू चालतंय, दुसऱ्याला हक्क द्या. तो आधीच थकलेला होता. त्याने ज्याला हक्क दिले, त्या खात्यानेच पुढे घात केला. तगादा लावणारी ती खाती बनावट असावीत, असं मानलं जातं. त्या तगाद्याचा सूर आपल्या रोजच्या चिडलेल्या प्रतिक्रियांपेक्षा फार वेगळा नव्हता, म्हणूनच तो खरा वाटला. पलीकडच्या माणसाला असं पिळून काढलं की सॉफ्टवेअर सुधारत नाही. ते बेवारस होतं किंवा भलत्याच हातात जातं.

निर्णय होऊन गेल्यावर भांडण्यापेक्षा तो होत असताना आपलं म्हणणं पोचवणं केव्हाही बरं, आणि मराठी वापरणाऱ्यांना इथे बरंच करता येतं. लिबरऑफिसची नवी आवृत्ती साधारण फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये येते. त्याआधी काही आठवडे तिची चाचणी आवृत्ती सगळ्यांसाठी खुली असते आणि लिनक्सवर ती नेहमीच्या आवृत्तीच्या शेजारी बसवता येते. ती उतरवून घ्या. आपल्या खऱ्या कागदपत्रांच्या प्रती तिच्यात उघडा: मराठी-इंग्रजी मिश्र मजकुराचा अहवाल, देवनागरी आकड्यांची एखादी तक्ता-फाइल, वर्डमधून आलेलं निमंत्रण. रफार आणि जोडाक्षरं जागेवर आहेत का, पीडीएफ केल्यावर त्यातला मराठी मजकूर निवडून दुसरीकडे नीट चिकटवता येतो का, शोध घेतल्यावर 'ऱ्हस्व' सापडतं का, हे तपासा. काही मोडलेलं दिसलं तर ती फाइल जोडून लगेच नोंद करा. फाइलमध्ये कोणाची नावं किंवा खासगी माहिती असेल तर जोडण्याआधी ती काढून टाका.